टोबीचा डावा गुडघा

अशी कल्पना कर की शुक्रवारची दुपार आहे आणि घरात जमिनीवर दस्तरखान अंथरला आहे. दस्तरखान म्हणजे जेवणाची भांडी मांडायचं लांबलचक कापड. मधोमध सुरमईच्या कालवणाचं पातेलं, एका बाजूला तांदळाच्या भाकऱ्या, दुसऱ्या बाजूला वाफाळलेली सांदणं. आणि तुझ्यासमोर सहा फुटांहून उंच एक इंग्रज तरुण मोजे घालून उभा आहे. त्याला जेवायला बसायचं आहे. तो खाली बघतो. मग भिंतीकडे बघतो. मग पुन्हा खाली बघतो. आधी कुठला पाय वाकवायचा हेच त्याला उमगत नाही.

काय वाटेल तुला? लगेच सांगू नकोस. आधी गोष्ट ऐक.

त्या दिवशी तुझ्या जागी माहनूर नावाची मुलगी बसली होती. वय वर्षं अकरा. कतारमध्ये, दोह्याच्या उत्तरेला उम्म सलाल मोहम्मद नावाचं गाव आहे. तिथल्या एका मोठ्या व्हिलाचे घरमालकाने सहा भाग पाडले होते आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत माहनूर, तिचे अब्बा हाफिज आणि अम्मी रुकैया राहत. त्या हिवाळ्यात म्हसळ्याहून जैतून दादीही आली होती. वर्ल्ड कपला दहा महिने उरले होते. माहनूरच्या शाळेचा रस्ता दर आठवड्याला नवीन वळण घेई, कारण जुना कुठेतरी खणलेला असे.

अब्बा दोह्यातल्या एका लहानशा फुटबॉल क्लबात किट सांभाळत. खेळाडूंचे कपडे धुणं, घडी घालून ज्याच्या त्याच्या जागी ठेवणं, बुटांची माती काढणं हे त्यांचं काम. आणि त्यांची एक रीत होती. शुक्रवारी नमाजानंतर क्लबातल्या कुणातरी एकट्या माणसाला ते घरी जेवायला आणत. आजवर नेपाळी ड्रायव्हर येऊन गेला होता, मोरोक्कोचा गोलकीपर येऊन गेला होता, मैदानाचं गवत राखणारे केरळचे चाचा तर तीनदा आले होते. सगळे मांडी घालून बसत, पोटभर जेवत आणि जाताना दादीला सलाम करत. घरात खुर्ची एकच होती. ती दादीची.

या शुक्रवारी आलेल्या पाहुण्याचं नाव टोबी हॅलम. वय एकवीस. बचावपटू, म्हणजे डिफेंडर. माहनूर स्वतः शाळेच्या मुलींच्या संघात डिफेंडर होती, त्यामुळे सकाळपासून ती तिसऱ्यांदा वेणी घालून बसली होती.

शेवटी टोबीने दिवाणाच्या कडेला हात टेकला आणि कसाबसा खाली बसला. उजवा पाय त्याने मुडपला, डावा मात्र सरळ पुढे पसरला. तो थेट कोशिंबिरीच्या वाटीपर्यंत गेला. त्याने घाईने पाय मागे घेतला, बाजूला वळवला, एका हातावर रेलला, पुन्हा सरळ झाला. दोन घास खाऊन होईपर्यंत त्याने चार वेळा बैठक बदलली.

दादी खुर्चीतून हे सगळं बघत होती.

"ह्याचा गुडघा गेलाय गो," ती म्हणाली.

"अम्मा, त्याच्यासमोर नको," अब्बा हसत म्हणाले. "तीन आठवडे मी त्याला पळताना बघतोय. हरणासारखा पळतो."

"पळणं निराळं, वाकणं निराळं. माझा कसा गेला? आधी मांडी गेली. मग जिना गेला. मग ही खुर्ची आली."

"तुम्ही सत्तर वर्षांच्या, तो एकवीसचा," रुकैया म्हणाली.

"म्हणून तर लपवतोय!"

टोबीने माहनूरला विचारलं, "दादी काय म्हणतायत?"

"मासा अजून घे म्हणतायत," माहनूर इंग्रजीत म्हणाली. टोबीने दादीकडे बघून अंगठा दाखवला. दादीने मान डोलावली, पण नजर गुडघ्यावरच ठेवली.

जेवण झाल्यावर टोबी आणि माहनूर खाली अंगणात चेंडू खेळले. समोरच्याने हूल दिली की आपण घाईने पाय टाकायचा नाही, हे त्याने तिला दहा वेळा करून दाखवलं. दमून भिंतीला टेकल्यावर त्याने स्वतःबद्दल सांगितलं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावातला तो. नवव्या वर्षी मोठ्या क्लबाच्या शाळेत निवडला गेला. सोळाव्या वर्षी त्यांनी "तू बुटका आहेस" म्हणून घरी पाठवलं. त्यानंतरच्या दीड वर्षात तो एक वीत वाढला, पण तोवर त्यांनी दुसरा घेतला होता. मग तिसऱ्या श्रेणीच्या एका क्लबात एक्केचाळीस सामने. मग तिथूनही नारळ. दोह्याच्या या क्लबाला डाव्या पायाने खेळणारा बचावपटू हवा होता. जागा एकच, आणि तिच्यासाठी दोघांची चाचणी चालली होती. एक टोबी, दुसरा घानाचा क्वामे. दोघे क्लबाच्या घरात एकाच खोलीत राहत.

"कोचचा माझ्यासाठी होकार आहे," टोबी म्हणाला. "आता फक्त बुधवारची डॉक्टरी तपासणी. गुरुवारी नावनोंदणी बंद होते."

"आणि नाही झालं तर?"

"शुक्रवारचं विमान. बहिणीच्या नवऱ्याचं फरशा बसवायचं काम आहे, तिथे जाईन." तो हसला. "आणि मला ते मुळीच येत नाही. माझ्या फरशा वाकड्या बसतात."

जायला निघाल्यावर तो परत वर आला, कारण त्याचा फोन राहिला होता. फोन घेऊन तो खाली निघाला तेव्हा माहनूर वरून बघत होती. कठडा धरून, किंचित तिरका होऊन, एकेक पायरी. दादी अशीच उतरते.

त्या क्षणापर्यंत तिला दादीचं बोलणं गमतीचं वाटत होतं. आता वाटेना.

रात्री झोपण्याआधी तिने फोनवर टोबीचं नाव शोधलं. दोन वर्षांपूर्वीची एक छोटी बातमी सापडली. डाव्या गुडघ्याला दुखापत, शस्त्रक्रिया, सात महिने बाहेर. डावा गुडघा! अंगणात त्याने सगळं सांगितलं होतं. उंची सांगितली, सामने सांगितले, वाकड्या फरशासुद्धा सांगितल्या. हे तेवढं सांगितलं नाही.

तुलाही संशय आला असता. मला तरी नक्कीच आला असता.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. माहनूर अब्बांबरोबर क्लबात गेली आणि किटच्या खोलीच्या खिडकीत बसून तिने सरावावर नजर ठेवली. टोबी पळाला, उड्या मारल्या, चेंडू अडवले. पण बुटाची नाडी बांधायला तो खाली बसला नाही. बाकावर पाय ठेवून त्याने ती बांधली. मध्येच पाणी प्यायला सगळे थांबले तेव्हा दोन-तीन जण उकिडवे बसले, टोबी उभाच राहिला. सराव संपल्यावर तो डाव्या गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून लंगडत नव्हे, पण हळूहळू गेला. आणि अब्बांनी धुण्याची टोपली उपडी केली तेव्हा त्यात टोबीच्या नंबरचा, गुडघ्यावर चढवायचा काळा पट्टा निघाला.

"अब्बा, हे काय?"

"गुडघ्याची पट्टी. ठेव बाजूला, ती गरम पाण्यात घालायची नसते."

"सगळे घालतात?"

"घालतात काही जण. का गो?"

"काही नाही."

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या दिवशी गुडघ्याला बर्फ बांधून गेलेले एकूण सात जण होते. बाकावर पाय ठेवून नाडी बांधणारे तर निम्म्याहून जास्त. माहनूर खिडकीत दोन तास बसली होती, पण तिने बघितलं एकट्या टोबीकडे.

त्याच दिवशी क्वामे किटच्या खोलीत आला. अब्बांना "सलाम, चाचा" म्हणाला, स्वतःचे कपडे स्वतः उचलून नेले आणि जाताना माहनूरला च्युइंगमची कांडी देऊन गेला. तिच्या मनात आलं, याचे दोन्ही गुडघे चांगले आहेत. आणि हा घरी जाणार, कारण दुसरा खोटं बोलतोय.

ती दुष्ट नव्हती, हे लक्षात ठेव. तिला न्याय हवा होता.

रविवारी संध्याकाळी देवव्रतकाका आले. ते मूळचे नाशिकचे, दोह्यातल्या मदिनत खलीफात राहत आणि अब्बांच्याच क्लबात फिजिओथेरपिस्ट होते. खेळाडूंचे स्नायू, सांधे, सूज, मुरगळ सगळं त्यांच्या हातून जाई. क्लबात मराठी बोलणारे दोघेच, म्हणून हाफिजभाई आणि देवव्रत यांची घट्ट मैत्री. दादीसाठी त्यांनी गुडघ्याचं मलम आणलं होतं.

अब्बा खाली गाडी लावायला गेले होते, रुकैया चहा टाकत होती.

"काय मग दादी, दुखणं कसं आहे?"

"माझं सोड. तुमच्या त्या गोऱ्याचं बघ."

"कोण, टोबी? त्याचं काय?"

"हिला विचार."

आणि माहनूरने सांगितलं. एरवी ती मराठीला इंग्रजीत उत्तर देई आणि दादीची बोलणी खाई, पण हे तिने अगदी नीट मराठीत सांगितलं, म्हणजे कुठे गैरसमज व्हायला नको. "काका, त्याचा डावा गुडघा वाकत नाही. इथे जेवायला बसला तेव्हा त्याला मांडी घालता आली नाही. जिना तिरका उतरला. आणि दोन वर्षांपूर्वी त्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तो लपवतोय."

देवव्रतकाकांच्या हातातलं मलम हातातच राहिलं.

"मांडी घालता आली नाही? अजिबात?"

"एकदाही नाही."

"पाय पसरून बसला," दादी म्हणाली. "कोशिंबिरीत पाय घातला मेल्याने."

तू विचारशील, एवढा शिकलेला माणूस, त्याने यावर विश्वास कसा ठेवला? पण देवव्रतकाकाही आपल्यातलेच. त्यांच्या घरीसुद्धा सत्यनारायणाला आजोबा पाटावर बसू शकले नाहीत, त्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं की आता दवाखाना गाठायला हवा. गुडघा चांगला तर मांडी बसते, मांडी बसत नाही तर गुडघा बिघडला. हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. ते त्यांच्याबरोबरच लहानाचं मोठं झालं होतं.

चहा न घेताच ते गेले.

सोमवारी अब्बा घरी आले ते चप्पल न काढताच जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले.

"काय झालं?" रुकैयाने विचारलं.

"टोबीची बुधवारची तपासणी रद्द. आधी मोठ्या यंत्रावर गुडघ्याचा स्कॅन काढा म्हणतायत. आणि स्कॅनची तारीख मिळाली दहा दिवसांनंतरची."

"पण गुरुवारी तर..."

"तेच तर. खलास. कुणीतरी सांगितलं म्हणे, त्याचा गुडघा वाकत नाही. खात्रीचा माणूस आहे, एवढंच कागदावर लिहिलंय." अब्बांनी कपाळ चोळलं. "टोबीला वाटतं क्वामेने केलं. जागा एकच ना. काल क्वामे देवव्रतशी बोलत उभा होता, ते याने बघितलं. आज त्याने खोली बदलून मागितली. दोघं कालपर्यंत एका ताटात जेवत होती."

"क्वामेने सांगितलं?" माहनूरने विचारलं. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"तो शपथेवर नाही म्हणतो. पण कोण ऐकतंय? मलाही बोलावलं ऑफिसात. 'हाफिज, कपडे तू धुतोस, तू काही बोललास का बाहेर?' मी छातीवर हात ठेवून सांगितलं, माझ्या घरातून शब्द गेलेला नाही."

माहनूरने दादीकडे बघितलं. दादी तसबीहचे मणी ओढत होती. बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली.

मनात माहनूर स्वतःला समजावत होती. मी खरं तेच सांगितलं. गुडघा खरंच वाकत नाही. स्कॅनमध्ये कळेल.

मंगळवारी शाळेच्या हॉलमध्ये वर्ल्ड कपसाठी झेंडे रंगवायचं काम होतं. खुर्च्या बाजूला सारून पोरं जमिनीवर बसली होती. माहनूरच्या वाट्याला कतारचाच झेंडा आला होता आणि त्याचे करवतीसारखे दाते सारखे येत नव्हते. खेळाच्या शिक्षिका मिस हॅरिएट मदतीला आल्या. त्या इंग्लंडच्या. त्या झेंड्याशेजारी बसल्या, म्हणजे आधी भिंतीला हात टेकला, मग धप्पकन खाली आल्या. दोन्ही पाय पुढे पसरले. मग एका बाजूला वळवले. मग एका हातावर रेलल्या. मग पुन्हा पसरले.

माहनूरच्या हातातला ब्रश झेंड्यावरच टेकून राहिला आणि तिथे मोठा डाग पडला.

"मिस, तुमचा गुडघा दुखतो?"

"नाही तर. का?"

"ऑपरेशन झालंय?"

"अगं, मी मॅरेथॉन धावते! काय झालं तुला?"

"मग तुम्ही मांडी का नाही घालत?"

मिस हसल्या. "येतच नाही मला. पाच-सहा वर्षांची असताना वर्गात गालिच्यावर बसायचे, तेवढंच. त्यानंतर आयुष्यभर खुर्ची. माझे कंबरेचे सांधे दारासारखे गंजलेत. माझ्या भावाला सांग बरं असं बसायला, रडेल तो."

"तुमच्याकडे सगळे असेच?"

"सगळे नाही, पण पुष्कळ. फुटबॉल खेळणारे तर फार. त्यांच्या मांड्या लाकडासारख्या असतात."

मधल्या सुट्टीत माहनूरने डबा उघडला नाही. ती विचार करत होती, आणि तो विचार मी तुला सावकाश सांगणार आहे, कारण तो सोपा नाही.

मिसना मांडी घालता येत नाही आणि त्यांचा गुडघा ठणठणीत आहे. याचा अर्थ टोबीचाही ठणठणीत आहे, असा होतो का? नाही होत. त्याचा गुडघा खरंच बिघडलेला असू शकतो. पण मांडीवरून ते कळत नाही. म्हणजे तिने देवव्रतकाकांना जे सांगितलं, त्यातून मांडी वजा केली तर उरतं काय? तिरका उतरलेला जिना आणि एक जुनी बातमी. एवढ्यावर कुणाला शुक्रवारच्या विमानात बसवायचं का?

तिला माहीत नव्हतं, हे तिला आता पहिल्यांदा माहीत झालं.

संध्याकाळी अब्बा शाळेतून घ्यायला आले. दोन सिग्नल मागे पडले. तिसऱ्याला तिने मराठीतच सुरुवात केली, तेव्हाच अब्बांनी रेडिओ बंद केला.

"अब्बा, मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"देवव्रतकाकांना. टोबीचं. रविवारी, तुम्ही गाडी लावत होतात तेव्हा." मग तिने सगळं ओतलं. बातमी, जिना, पट्टी, मिस हॅरिएट.

हिरवा दिवा लागला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला तरी अब्बा हलले नाहीत. मग त्यांनी गाडी पुढच्या पेट्रोल पंपात घेतली आणि उभी केली.

"म्हणजे सोमवारी मी छातीवर हात ठेवून खोटं बोललो."

"तुम्हाला माहीत नव्हतं ना."

"तुला तरी कुठे माहीत होतं?" अब्बा म्हणाले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. "उद्या शाळा नाही. माझ्याबरोबर यायचं."

घरी वाद झाला. "पोरीला ऑफिसात नेऊ नका," रुकैया म्हणाली. "तुम्ही सांगा, माझ्याच तोंडून गेलं म्हणून."

"आणि ते दुसरं खोटं. एक पुरे झालं."

"नोकरीवर आलं तर?"

"इन्शाल्ला नाही येणार."

"मी येते," दादी म्हणाली. "सगळा दोष माझ्या गुडघ्याचा आहे."

"अम्मा, तुम्हाला तिथला जिना चढवणार नाही," अब्बा म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

बुधवारी सकाळी क्लबाच्या तपासणीच्या खोलीत देवव्रतकाका आणि क्लबाचे डॉक्टर होते. डॉक्टर ट्युनिशियाचे, पिकलेल्या मिशांचे, आणि सकाळी सकाळी वैतागलेले. अब्बा दाराजवळ उभे राहिले. माहनूरने इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. सुरमईपासून. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ बघितलं, पण मिस हॅरिएटवर आल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"थांब. हा 'खात्रीचा माणूस' म्हणजे तू?"

"हो."

डॉक्टरांनी फाईल उघडली आणि देवव्रतकाकांपुढे सरकवली. "इथे तुम्ही लिहिलंय, गुडघा पूर्ण वाकत नाही. तुम्ही मोजला होता?"

"तपासणी बुधवारी होती," देवव्रतकाका हळू म्हणाले. "मला वाटलं... मांडी येत नाही म्हटल्यावर..."

"मोजला होता?"

"नाही."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "मीही जमिनीवर बसूनच जेवत मोठा झालो. हे ऐकून मलाही तसंच वाटलं असतं. पण वाटलं ते मी फाईलमध्ये लिहिलं नसतं. बोलवा त्याला."

टोबी आत आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. बाहेर त्याची बॅग भरून तयार होती. दाराशी अब्बा आणि माहनूरला बघून त्याला आश्चर्य वाटलं, पण त्याने विचारलं नाही. त्याला टेबलावर पालथं झोपवलं. डॉक्टरांनी कोन मोजायचं साधन काढलं. तुझ्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटले तर कसा दिसेल, तसं ते असतं. त्यांनी उजवी टाच धरून पाय मागे दुमडला आणि आकडा वाचला. मग डावी.

माहनूर चवड्यांवर उंच होऊन आकडा बघत होती. तिला अजूनही माहीत नव्हतं, हे विसरू नकोस. या घटकेला ती चूकही ठरू शकत होती आणि बरोबरही.

"उजवा एकशे अडतीस," डॉक्टर म्हणाले. "डावा एकशे छत्तीस."

"म्हणजे?" अब्बांनी विचारलं.

"म्हणजे दोन्ही भावंडं. दोन्ही चांगले वाकतात." डॉक्टरांनी गुडघा उजवीकडे दाबला, डावीकडे दाबला, टोबीला एका पायावर उभं केलं, खाली वाकवलं, वर उठवलं, उड्या मारायला लावल्या. "शस्त्रक्रियेची खूण आहे. त्याबद्दल तू पहिल्याच दिवशी फॉर्ममध्ये लिहिलं होतंस, ते मी वाचलंय."

"हो," टोबी म्हणाला. "मी काहीच लपवलं नव्हतं."

"आणि जिना तिरका का उतरतोस?"

"जिना?" टोबी गोंधळला. मग त्याला आठवलं. "हाफिजच्या घरचा? त्याच्या पायऱ्या माझ्या अर्ध्या पावलाएवढ्या आहेत! सरळ उतरलो असतो तर नाकावर पडलो असतो. माझे पाय बघा ना."

सगळ्यांनी त्याचे पाय बघितले. ते खरंच होड्यांएवढे होते.

डॉक्टरांनी फाईलवरची ती ओळ खोडली, शेजारी तारीख घातली आणि खाली सही केली. "स्कॅनची गरज नाही. यल्ला, चला, हे आत्ता ऑफिसात द्या. उद्याच्या आत नाव गेलं पाहिजे."

टोबी टेबलाच्या कडेला बसला. दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकलं आणि तसाच बसून राहिला. मग हात काढले तेव्हा त्याचा चेहरा आनंदी नव्हता.

"मला एक सांगा," तो म्हणाला. "क्वामेनेच ना? त्याला नेमकं ठाऊक होतं मी कुठल्या गुडघ्याला बर्फ लावतो. मी आता त्याच्याशी जन्मात बोलणार नाही. पण मला कुणीतरी खरं सांगा."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. देवव्रतकाका फाईल हातात घेऊन खिडकीबाहेर बघू लागले. अब्बांनी खाली, स्वतःच्या बुटांकडे बघितलं. तीन मोठी माणसं होती आणि तिघांनीही एकमेकांना न विचारता ठरवलं होतं की या लहान मुलीचं नाव आपल्या तोंडून जाणार नाही. सही झाली होती. काम झालं होतं. ती गप्प राहिली असती तर तिला कुणी काही म्हटलं नसतं.

काचेच्या दारापलीकडे, व्हरांड्याच्या टोकाला, क्वामे एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता.

माहनूर अब्बांच्या मागून पुढे आली, टेबलाजवळ जाऊन टोबीच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "क्वामेने नाही. मी सांगितलं."